वाचणारं कुणी असेल तर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



शिक्षकांची बैठक असो की पालकांचा मेळावा, इंग्रजीचा विषय निघाला की एक तक्रार हमखास कानावर येते. ‘सर, आमच्या पोरांना इंग्रजी थोडंफार वाचता येतं, ऐकलेलं कळतंही, पण लिही म्हटलं की पेन हलत नाही.’ लातूरला मी हे ऐकलं, नांदेडला ऐकलं; निलंगा, उदगीर, मुखेड, देगलूर, कुठंही गेलो तरी हेच. त्यावरचे उपायही ठरलेले. व्याकरण पक्कं करून घ्या. रोज दहा शब्द पाठ करायला लावा. आणि शेवटी, मुलांना लिहिण्याची प्रेरणा द्या. ही प्रेरणा कोणत्या दुकानात मिळते, ते मात्र कुणी सांगत नाही.

मी तीसेक वर्षं या दोन जिल्ह्यांत इंग्रजी शिकवलं. आधी शाळेत, मग कनिष्ठ महाविद्यालयात. या विषयावर माझं एक मत बनलेलं आहे आणि आज तेच आपल्यापुढं मांडायचं आहे. मुलं इंग्रजीत लिहीत नाहीत, कारण त्यांनी लिहिलेलं कुणी वाचत नाही. तपासतात सगळेच. पण तपासणं वेगळं आणि वाचणं वेगळं. तपासणारा चूक शोधत असतो. वाचणाऱ्याला पुढं काय झालं ते हवं असतं. दहा वर्षं इंग्रजी शिकलेल्या मुलाला विचारून पाहा, की तू इंग्रजीत लिहिलेलं वाचून कुणी कधी हसलं का, कुणी तुला ‘मग पुढं काय झालं?’ असं विचारलं का. तो तुमच्या तोंडाकडं पाहत राहील.

हीच मुलं मोबाईलवर काय करतात तेही पाहा. इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर, दिवसाला शे-दोनशे ओळी. स्पेलिंगचा कुठलाच नियम नाही. ‘काय करतोयस’ हे चार मुलं चार तऱ्हेनं लिहितात आणि चौघांचाही निरोप बिनचूक पोचतो. आई ओरडेपर्यंत रात्री हे लिहिणं चालू असतं. त्यांना प्रेरणा द्यायला कुणी गेलेलं नव्हतं. पलीकडं वाचणारं माणूस आहे आणि ते उलटून काहीतरी बोलतं, एवढं त्यांना पुरतं.

आपल्या भागाची आणि इंग्रजीची ओळख तशी उशिराची. निजामाच्या राज्यात कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. इंग्रजी तिथं एक सक्तीचा विषय होता. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झालं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. उर्दूतून अर्ज लिहिणाऱ्या घरांत मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांचा कारभार एकदम येऊन पडला. पुढं कित्येक वर्षं इंग्रजी पाचवीपासून होती. २००० साली ती राज्यात पहिलीपासून आली. नंतर सेमी इंग्रजीची लाट आली. म्हणजे इंग्रजीचे तास वाढत गेले, पुस्तकं रंगीत झाली. पण मुलानं स्वतःच्या मनानं लिहिलेली वाक्यं मोजायची म्हटली, तर आजही हाताची बोटं पुरतात. वाघिणीचं दूध, वाघिणीचं दूध म्हणत आपण मुलाला वाघीण लांबूनच दाखवत आलो.

शाळेत इंग्रजीतून लिहिणं होतं ते कसलं, ते आपल्याला ठाऊक आहे. आधी चाररेघी वहीत कित्ता. मग फळ्यावरचं उत्तर वहीत, गाईडातलं उत्तर परीक्षेत. रजेचा अर्ज सगळ्या महाराष्ट्राचा एकच असावा. त्यात प्रत्येकाला ताप आलेला असतो. माझ्या एका वर्गात साठ मुलांनी रजेचे अर्ज लिहिले तेव्हा साठही जण तापानं फणफणले होते. लग्नाला, बाजाराला किंवा सोयाबीनच्या राशीला कुणीच गेलेलं नव्हतं! बोर्डाच्या परीक्षेतलं पत्र त्याहून नवलाचं. तिथं ओळख लपवायची म्हणून मुलानं आपलं नावसुद्धा लिहायचं नसतं. प्रश्नातच अमित किंवा अमिता असं काहीतरी नाव दिलेलं असतं. जे नाव आपलं नाही त्या नावानं, जो भाऊ आपल्याला नाही त्याला, जी सहल आपण केलीच नाही तिच्याविषयी लिहायचं. परीक्षेची अडचण मला समजते. पण वर्षभर वर्गातही हेच चालत असेल, तर मुलाच्या मनात पक्कं बसतं की इंग्रजीत लिहायचं म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या तरी वतीनं लिहायचं.

‘माय व्हिलेज’ हा निबंध घ्या. गाईडातलं गाव नदीकाठी असतं, सभोवती हिरवी शेतं असतात, लोक सुखासमाधानानं राहतात. मुखेडकडच्या एका तांड्यावरून येणाऱ्या मुलानं मला हेच गाव लिहून दाखवलं होतं. त्याच्या तांड्यावर मार्चपासून टँकर सुरू होतो. त्याला म्हटलं, ‘टँकर येतो तेव्हा काय होतं, ते सांग बरं.’ तो मराठीत पाच मिनिटं बोलत होता. मधेच दोन शब्द गोरमाटीतले आले. कुणाची घागर कुठं असते, टँकरवाला कुणाला आधी पाणी देतो, पाइप कोण धरतो, सगळं. मग म्हणाला, ‘पण सर, हे इंग्रजीत लिहायचं असतं का?’

हा प्रश्न मी पुष्कळदा सांगतो, कारण सगळी गोम त्यात आहे. मुलाकडं मजकूर नसतो असं नाही. त्याच्याकडचा मजकूर इंग्रजीच्या लायकीचा नाही, अशी त्याची समजूत झालेली असते.

२०१६ चा उन्हाळा लातूरकरांना आठवत असेल. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूर स्टेशनात आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. देशभरचे वार्ताहर आले, परदेशी वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. आणि आमची मुलं ‘सेव्ह वॉटर’ या विषयावर लिहीत होती, ते ‘पाणी हेच जीवन’ छापाचं. मी काही मुलांना सांगितलं, तो निबंध बाजूला ठेवा. काल तुमच्या घरी पाणी कसं आलं तेवढंच लिहा. कुणी आणलं, किती वाजता, किती भांडी. शब्द अडला तर मराठी शब्द तसाच ठेवा. त्या दिवशी पहिल्यांदा मला साठ वेगवेगळे कागद मिळाले. एका मुलीनं लिहिलं होतं, की तिची आजी भांडी घासलेलं पाणी तुळशीला घालते आणि तुळशीची माफी मागते. इंग्रजी अगदी मोडकं होतं. क्रियापद एका ठिकाणी, कर्ता दुसऱ्या ठिकाणी. पण दिल्लीहून किंवा लंडनहून आलेल्या कुठल्याही वार्ताहराला ती तुळस दिसली नव्हती.

लिहिणाऱ्याला ठाऊक आहे आणि वाचणाऱ्याला ठाऊक नाही, असं काहीतरी असल्याशिवाय लिहिणं सुरू होत नाही. वर्गात उलटं असतं. शिक्षकाला सगळं ठाऊक असतं, आणि ते मुलाला ठाऊक आहे की नाही हे पाहण्यासाठी तो लिहायला लावतो. म्हणून विषय असे काढावेत, की तिथं मूल गुरू आणि आपण विद्यार्थी. लातूर भागात त्यासाठी वेळ अमावस्येसारखा विषय नाही. बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं गावंच्या गावं शेतात जातात, शहरं ओस पडतात. कडब्याची कोप करतात, तिच्यात पाच पांडव मांडून पूजा करतात आणि मग आंबील, उंडे, भज्जी यांचं जेवण होतं. ही भज्जी म्हणजे आपली तळलेली भजी नव्हे. ती तूर, वाटाणा, हरभरा, भुईमूग असे हिरवे दाणे आणि पालेभाज्या एकत्र शिजवून केलेली असते. आता हे इंग्रजीत सांगा म्हटलं तर कुठल्याही गाईडात उतारा नाही. फळ्यावर मी फक्त एवढंच लिहायचो, की मी दूर देशातला माणूस आहे आणि मला यातलं काहीच माहीत नाही, समजावून सांगा.

एका मुलानं लिहिलं, ‘वुई मेक वन कोप.’ मी खाली लिहिलं, ‘व्हॉट इज कोप?’ दुसऱ्या दिवशी उत्तर, ‘स्मॉल हाउस ऑफ जवार स्टिक्स.’ मी विचारलं, ‘हू लिव्हज इन इट?’ तो वर्गात हसला आणि लिहून आणलं, की देव राहतात, पण एकच दिवस. नंतर ते घर बैल खातात. आंबिलीवर तर मुलींची दोन बाकांवर भांडणं झाली. जोंधळ्याचं पीठ ताकात शिजवलेलं पेय, हे एका वाक्यात कसं बसवायचं? ताकाला शब्द सापडला, पण ‘आंबवणे’ला सापडेना. मुलींनी शब्दकोश मागितला. मी कधीही न सांगता मागितलेला तो पहिला शब्दकोश.

आता तुम्ही म्हणाल, प्रश्न विचारत बसायला शिक्षकाला वेळ कुठं आहे? वेळेकडं येतोच. आधी एक बाहेरचं उदाहरण सांगतो. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरात लेस्ली रीड नावाच्या सहावीच्या शिक्षिका होत्या. त्यांच्या वर्गात परदेशांतून आलेली, इंग्रजीला नवखी मुलं बरीच असत. या बाई प्रत्येक मुलाशी वहीतून गप्पा मारत. मुलानं दिवसभरात काही ओळी लिहायच्या, बाई त्याखाली उत्तर लिहिणार, दुसऱ्या दिवशी मूल पुढं लिहिणार. असं वर्षभर. चुकांवर खूण करायची नाही, गुण द्यायचे नाहीत. जाना स्टेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वह्यांचा बारकाईनं अभ्यास केला आणि १९८८ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. आपण तिला संवाद-वही म्हणू. तिच्यातली खुबी अशी, की शिक्षक चूक दाखवत नाही, पण त्याच्या उत्तरात बरोबर वाक्य आपोआप येतं. मूल लिहितं, ‘माय बफेलो गिव्ह बेबी यस्टरडे.’ शिक्षक लिहितो, ‘सो युवर बफेलो गेव्ह बर्थ यस्टरडे! इज द काफ फाइन?’ म्हशीची चौकशी झाल्यामुळं मूल ते वाक्य दोनदा वाचतं. तीच चूक लाल पेनानं सुधारली असती तर त्यानं फक्त वही मिटली असती.

लाल पेनाबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण पालकांचा सगळा जीव त्यात अडकलेला असतो. वहीत लाल खुणा नसल्या तर ‘सर वह्या तपासत नाहीत’ अशी तक्रार मुख्याध्यापकांकडं जाते. पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञानं १९६७ साली एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं, की शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. त्याच्या डोक्यात भाषेची कोणती व्यवस्था तयार होते आहे, याचा तो पुरावा असतो. आपली मुलं ‘आय टोल्ड टु हिम’ लिहितात. का? तर ‘मी त्याला सांगितलं’ यातला ‘ला’ त्यांना सोडवत नाही. ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदं ती गाळतात, कारण मराठीत ती नाहीतच. ही चूक दोनशे वेळा लाल केली तरी उपयोग होत नाही. एकदा दोन्ही भाषा शेजारी ठेवून दाखवली तर होतो.

पुढं १९९६ मध्ये जॉन ट्रस्कॉट यांनी, परभाषेतल्या लेखनात व्याकरणाच्या चुका सुधारणं निष्फळ आहे, उलट त्यानं नुकसानच होतं, असं ठासून मांडलं. डाना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्यांना विरोध केला. बरीच वर्षं वाद चालला. नंतर न्यूझीलंडमध्ये जॉन बिचनर यांनी वेगळी वाट दाखवली. एका वेळी एकाच प्रकारच्या चुकीवर बोट ठेवलं, उदाहरणार्थ फक्त उपपदांवर, तर फरक पडतो आणि तो टिकतो, असं त्यांच्या २००८ च्या प्रयोगात दिसलं. माझा अनुभव याच्याशी जुळतो. पान रक्तबंबाळ झालं तर मूल काहीच शिकत नाही. या पंधरवड्यात फक्त भूतकाळाची क्रियापदं पाहणार, असं आधी सांगितलं तर ते स्वतःच शोधू लागतं. मी लाल पेनाच्या विरुद्ध नाही. नोकरीच्या अर्जात स्पेलिंग चुकलं तर अर्ज बाजूला पडतो, हे खरंच आहे. पण जे लिहिलंच नाही ते तपासणार काय?

लातूर म्हटलं की लातूर पॅटर्न आलाच. त्याची चेष्टा करणाऱ्यांत मी नाही. जिल्ह्याच्या या गावानं नव्वदच्या दशकात गुणवत्ता याद्या भरून दाखवल्या त्या सरावाच्या जोरावर. प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा सोडवून घेणारे, सुट्टीच्या दिवशी वर्ग घेणारे शिक्षक मी जवळून पाहिले आहेत. या पॅटर्नशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते राजर्षी शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जनार्दन वाघमारे हे इंग्रजीचेच प्राध्यापक. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं, त्याचे ते पहिले कुलगुरू. पण मला त्यांची दुसरी ओळख अधिक मोलाची वाटते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं साहित्य त्यांनी इंग्रजीतून वाचलं आणि त्यावर मराठीत ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ लिहिला. इकडं दलित साहित्य उभं राहत असताना मराठी वाचकाला त्या दूरच्या लोकांची ओळख हवी होती. इंग्रजी वाचून झाल्यावर त्यांना सांगण्यासारखं काही सापडलं आणि ऐकणारेही होते.

आजच्या लातूरच्या शिकवणी भागातून चालताना मात्र माझं मन थोडं खट्टू होतं. उद्योग भवनाच्या परिसरात हजारो मुलं-मुली पाठीवर पिशव्या घेऊन या वर्गातून त्या वर्गात जात असतात. ‘नीट’साठी एकशे ऐंशी प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, त्यातला एक निवडायचा. परीक्षेची ती गरज असेल. पण दोन वर्षं या मुलांना स्वतःचं एक वाक्यसुद्धा लिहावं लागत नाही, ना इंग्रजीत ना मराठीत. बारावीचा इंग्रजीचा पेपर तेवढा असतो, आणि त्यासाठी ‘अपेक्षित’ असतंच. दहावीपर्यंत मराठी माध्यमात नव्वद टक्के मिळवणारी मुलं अकरावी विज्ञानाला आली की पहिले तीन-चार महिने अक्षरशः मुकी होतात. ती पुढच्या बाकावरून मागच्या बाकावर सरकतात. काही जण दिवाळीनंतर दिसतच नाहीत. गावात सांगतात, शहराचं पाणी मानवलं नाही.

असाच मागं सरकत गेलेला एक मुलगा मला आठवतो. देगलूरकडचा. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात दखनी, म्हणजे तीन भाषा खिशात. चौथीची त्याला भीती! त्याला मी रोज दहा मिनिटं लिहायला सांगितलं. नियम दोनच. पेन थांबवायचं नाही आणि खोडायचं नाही. काही सुचलं नाही तर ‘आय हॅव नथिंग टु राइट’ हेच पुन्हा पुन्हा लिहायचं. पीटर एल्बो या अमेरिकन प्राध्यापकानं १९७३ मध्ये आपल्या पुस्तकात ही युक्ती सांगितली होती. आमच्या पठ्ठ्यानं तीन दिवस तेच वाक्य लिहिलं. चौथ्या दिवशी कंटाळून खोलीमालकाबद्दल लिहू लागला, आणि मग पानं कमी पडू लागली. राग हे लिहिण्याचं चांगलं इंधन आहे.

आता जरा व्यवहाराचं. एका मुलीच्या वडिलांच्या बँक खात्यातून बाराशे रुपये कापले गेले. गावच्या शाखेत नवे आलेले साहेब दक्षिणेकडचे, मराठीचा गंध नाही, हिंदीही बेताची. वडील दोनदा जाऊन परत आले. मुलगी अकरावीला होती. तिनं वहीचं पान फाडून इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. माझ्या वडिलांचे पैसे कापले, इतके कापले, अमुक तारखेला कापले, का कापले ते सांगा. चुका मोजल्या असत्या तर सात-आठ निघाल्या असत्या. साहेबांनी त्या मोजल्या नाहीत. त्यांनी वडिलांना खुर्ची दिली, खातं उघडून पाहिलं आणि त्याच कागदामागं उत्तर लिहिलं, की हा विम्याचा हप्ता आहे, नको असेल तर अमुक अर्ज द्या. पैसे काही परत आले नाहीत. पुढच्या वर्षी मात्र कापले गेले नाहीत. ती मुलगी तो कागद मला दाखवायला घेऊन आली, आणि तिनं दाखवलं ते साहेबांचं उत्तर. आपलं लेखन नव्हे.

इंग्रजीत वाचणारं माणूस असं जवळपासच शोधावं लागतं. मराठी माणसाला मराठी मुलानं इंग्रजीत पत्र लिहिणं हे नाटकच, आणि ते मुलांना कळतं. नांदेडला आपलं भाग्य असं, की सचखंड हुजूर साहिबच्या दर्शनाला जगभरातून लोक येतात. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला तर शहरानं सगळं जग पाहिलं. पंजाबातल्या यात्रेकरूंशी हिंदीत बोलता येतं, पण त्यांच्याबरोबर कॅनडा-इंग्लंडहून आलेली नातवंडं इंग्रजीच वाचतात. आमच्या मुलांनी एकदा त्यांच्यासाठी एक पानाचं माहितीपत्रक तयार केलं. स्टेशनवरून कसं जायचं, गोदावरीचा घाट कुठं, उन्हाळ्यात दुपारी का फिरू नये, आणि ऑटोवाल्याशी भाडं आधी का ठरवावं. हे शेवटचं कलम मुलांनीच घातलं. चार वेळा ते पान पुन्हा लिहिलं गेलं, आणि एकदाही मला ‘पुन्हा लिहा’ म्हणावं लागलं नाही. उदगीरपासून बीदर आणि देगलूर-बिलोलीपासून निजामाबाद जिल्हा तासा-दोन तासांवर आहे. तिकडच्या शाळांतली मुलं कन्नड आणि तेलुगू लिहितात, आपली मराठी. त्यांनी एकमेकांना पत्रं लिहायची ठरवलं तर इंग्रजी खरोखरच कामाला येईल. दोन शिक्षकांची ओळख आणि एक पोस्टाचं पाकीट, एवढ्यावर हे होण्यासारखं आहे.

कुणी म्हणेल, आता हे सगळं कशाला? मोबाईलमधलं यंत्र क्षणात निर्दोष इंग्रजी पत्र लिहून देतं. देतं, आणि फार सफाईनं देतं. मुलांनी ते वापरू नये असं मी म्हणणार नाही. कुणी ऐकणारही नाही. पण त्या यंत्राला तुमची तुळस आणि तुमचा टँकर माहीत नाही. ते सांगावं लागतं, आणि सांगता येणं हेच तर लिहिणं आहे. शिवाय यंत्रानं लिहिलेलं आपल्या मनासारखं आहे की नाही, हे कळण्यापुरती भाषा तरी आपली हवी. नाही तर आपण पुन्हा अमित आणि अमिता.

वेळेचा हिशेब राहिला. वर्गात साठ मुलं असतील तर आठवड्याचे सहा दिवस, रोज दहा वह्या. प्रत्येकीत दोन ओळींचं उत्तर. मधल्या सुट्टीतलं अर्ध्या तासाचं काम आहे. प्रत्येक मुलाला आठवड्यातून एकदा उत्तर मिळतं आणि त्या दिवसाची ती वाट पाहतात. सत्तर-ऐंशीचा वर्ग असेल तर पंधरवड्यानं मिळेल. ज्या शाळेत एकच शिक्षक चार वर्ग सांभाळतो तिथं वरच्या वर्गातल्या मुलांनी खालच्यांना उत्तरं लिहावीत. त्यात चुकांची देवाणघेवाण होईल हे मला मान्य आहे, पण लिहिणं तरी होईल.

आणि ज्या पालकांना इंग्रजी येत नाही, त्यांनी काय करावं? हा प्रश्न मला आया विचारतात, जरा संकोचानं. त्यांना मी सांगतो, की मुलांकडून वाचून घ्या आणि मराठीत अर्थ विचारा. आंबिलीवर भांडणाऱ्या त्या मुलींपैकी एकीनं आपला उतारा घरी आईला वाचून दाखवला. आईला इंग्रजीचं अक्षर ओळखता येत नव्हतं. तिनं भाकरी थापता थापता सगळं ऐकलं, अर्थ विचारला आणि म्हणाली, ‘अगं, लसूण सांगितलाच नाहीस की. बिनलसणाची कसली आंबील?’ दुसऱ्या दिवशी वहीत वरच्या ओळीत बाणाची खूण करून लसूण घातलेला होता. त्याचं स्पेलिंग तिनं शब्दकोशात पाहिलं होतं.